आधी खोड, मग खोली

बापू खोली दाखवायचे ती तिच्या खोडींपासून. बाकीचे घरमालक खिडकी उघडून म्हणतात, बघा केवढी हवा येते. बापू खिडकी उघडायचे आणि म्हणायचे, "एप्रिलमा आठून ऊन येस. टेबल आठे लावशात ते कागद करपी जातीन." आलेला माणूस बिचारा मान डोलावायचा. तेवढ्यात बापू त्याला जिन्यापाशी घेऊन गेलेले असत. "हाई तिसरी पायरी अर्धा इंच उच्ची शे. पहिले आठ दिन ठेच लागी. नववा दिनले पायले समजी जाई."

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा नंदुरबारात जागा शोधून दमले होते. सनद मिळून दोन वर्षं झाली होती आणि ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या वकीलसाहेबांनी आता स्वतःचं टेबल मांड, असं सांगितलं होतं. पाच जागा पाहिल्या. पाचही घरमालक बोलायला गोड होते. पक्षकार कुठले येतील, असं विचारेपर्यंत सगळं ठीक असायचं. धडगावकडचे, अक्कलकुव्याकडचे, डोंगरातले, असं मी सांगितलं की दुसऱ्या दिवशी फोन यायचा, ती खोली भाच्याला द्यायचं ठरलंय. एका महिन्यात मला इतके भाचे ऐकायला मिळाले, की गावात ऑफिस थाटणाऱ्या भाच्यांचा वेगळा वॉर्डच असावा असं वाटू लागलं.

मी स्वतः धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची. घरात पावरी, आश्रमशाळेत मराठी आणि नंदुरबारच्या वसतिगृहात आल्यावर अहिराणी, अशा तीन पायऱ्या चढून मी काळा कोट घातला होता. जागेसाठी मात्र मला रोज परत पहिल्या पायरीवर यावं लागत होतं.

जुन्या बाजारातली ती दुमजली इमारत मी येता-जाता पाहिली होती. दगडी जोतं, वर सागवानी गॅलरी, उतरतं कौलारू छप्पर. मूळची ती एका कापूस व्यापाऱ्याची पेढी. तो गुजरातेत गेला तेव्हा तापीकाठच्या गावातून आलेल्या बापूंच्या वडिलांनी ती विकत घेतली, आणि पुढे कित्येक वर्षं तिथे मिरचीचं गोदाम होतं. बापू बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला, पाडा आणि कॉम्प्लेक्स बांधा. बापूंनी कानावर सुताराची पेन्सिल अडकवली आणि तीन वर्षं इमारत दुरुस्त करत बसले. खांबांवरचा ऑइलपेंट खरवडला, फुटकी कौलं बदलली, भिंतींना पुन्हा चुना केला. पहिल्या आठवड्यात जुना गिलावा काढताना भिंतीत मुरलेली मिरची अशी काही उठली, की चार गवंडी, दोन बिगारी आणि समोरचा चहावाला आठ दिवस शिंकत होते. बापू त्यांना सांगायचे, "बांधकाम चालू शे हाई गावले समजाले पाहिजे ना!"

खोली दाखवताना त्यांनी मलाही सगळं सांगितलं. ऊन, पायरी, कौलांमधली कबुतरं, अंगण ओलांडून असलेला संडास. दमट हवेत भिंतीतून अजूनही थोडी मिरची येते, हेसुद्धा. मी ऐकत राहिले आणि शेवटी विचारलं, "बापू, या खोलीत चांगलं काहीच नाही का?"

"शे ना. पण ते तुम्हले आपेआप सापडी. खोड मी सांगाले पाहिजे. नही सांगी, ते फसाडं म्हनतीन." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "आते तुम्हनी खोड सांगा."

मला वाटलं, आता सहावा भाचा येणार. तरी सगळं एका दमात बोलून टाकलं. माझे पक्षकार जीपने येतात, सकाळी नऊला. परतीची जीप चारला. मधला सगळा वेळ ते माझ्या दारात बसणार. एकाच्या कामाला पाच जण येणार. लेकरं येणार, भाकरीची फडकी सोडून खाणार, तंबाखू मळणार. मोठ्याने बोलणार, कारण डोंगरात एका घरातून दुसऱ्या घरात हाक मारायची सवय असते.

बापूंनी विचारलं, "कोणता पाडा तुम्हना?"

मी नाव सांगितलं. त्यांनी त्या पाड्याखालचा ओढा सांगितला, ओढ्यावरचं मोठं झाड सांगितलं आणि घाटातल्या कुठल्या वळणावर उन्हाळ्यातही पाणी असतं तेही सांगितलं. धडगावकडच्या अक्राणीच्या घाटरस्त्यावर त्यांची नोकरीतली नऊ वर्षं गेली होती. त्यांना पावरी येत असे, म्हणजे त्यांच्या मते येत असे. माझ्या मोजदादीत त्यांच्याकडे पंधरा-वीस शब्द होते आणि त्यातले बहुतेक खाण्याचे होते.

"दखा वकीलबाई," ते म्हणाले, "ऑफिसमा माणसं येतस, हाई खोड नही. माणसं नही उनात, ते खोड. कधी येतस राहाले?"

"राहायला नाही बापू, ऑफिस आहे."

"तेच. दिवसभर राहाले."

करार मीच लिहिला. माझ्या स्वतःच्या टेबलावरचा पहिला कागद तोच, आणि तो माझ्याच भाड्याचा. अकरा महिन्यांचा साधा करार. पण बापूंची अट अशी, की खोडी लेखी पाहिजेत. परिशिष्ट अ, खोलीच्या खोडी. परिशिष्ट ब, भाडेकरूच्या खोडी. खाली दोघांच्या सह्या. मी समजावलं की करार नोंदवायच्या सरकारी नमुन्यात खोडींचा रकानाच नाही. बापू म्हणाले, "मंग सरकारना कागद सरकारले द्या, आन आपला कागद आपलाजोडे ठेवा." तेव्हापासून त्या इमारतीतल्या प्रत्येक कराराला दोन जादा पानं टाचलेली असायची आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या होमिओपॅथी डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, 'औषधापेक्षा जास्त बोलतो.' घरांचे नकाशे काढणाऱ्या तरुण इंजिनिअरने लिहिलं, 'दिलेली वेळ पाळत नाही.' माझ्या शेजारी दोन खोल्या घेतलेल्या टॅक्सवाल्या साहेबांनी बराच विचार करून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गडबड सहन होत नाही. राग लवकर येतो.'

बापू ही पानं पुन्हा पुन्हा वाचत. एकदा मला म्हणाले, "नोकरीमा तीस वरीस लोकेसना अर्ज वाचात. सगळा आपली चांगली बाजू लिखेत. वाचीवाचीसन माणूस कसा शे ते समजेच ना. हाई एक पानमा समजस."

पहिल्या पावसाळ्यात भिंतींनी बापूंचा शब्द खरा केला. हवा दमट झाली आणि खोलीत मिरचीचा बारीक ठसका उठू लागला. एक म्हातारी आपल्या मुलाच्या अपघाताची हकीकत सांगत होती आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती बोलायची थांबली आणि उलट माझीच समजूत घालू लागली. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत डोंगरात बातमी पसरली, की नंदुरबारात एक वकीलबाई आहे, ती आपलं दुःख ऐकून रडते. त्या पावसाळ्यात माझे पक्षकार दुप्पट झाले. मी बापूंना हे सांगितलं तेव्हा ते जिन्यातच हसत खाली बसले. "बठा!" म्हणाले, "आते चुना परत करू नका म्हनशात."

पक्षकार वाढले तशी गर्दीही वाढली. एकदा वनजमिनीच्या दाव्यासाठी एक अख्खा पाडा आला. वर माझी खोली भरली, गॅलरी भरली, मग जिना भरला. दोन बायका पायरीवर लेकरं निजवून बसल्या होत्या. टॅक्सवाले साहेब बाहेरून आले. बगलेत फायली, समोर झोपलेलं मूल. ते तिथूनच ओरडले, "हे ऑफिस आहे की जीपचा स्टँड?"

कोणी उलट बोललं नाही. तेच मला जास्त लागलं. सगळे मुकाट्याने उठले, लेकरं उचलली आणि समोरच्या भिंतीलगत उन्हात जाऊन बसले. मी खिडकीतून पाहत राहिले. मला आधीच्या पाचही घरमालकांचे भाचे आठवले. त्या संध्याकाळी मी खोली सोडत असल्याचं पत्र लिहिलं आणि सकाळी बापूंच्या हातात ठेवलं.

बापूंनी पत्र दोनदा वाचलं. "मराठी चांगलं शे तुम्हनं," म्हणाले, आणि घडी घालून खिशात टाकलं. मग त्यांनी साहेबांना आणि मला जिन्यात बोलावलं. वर नाही, खाली नाही, जिन्यातच. हातात दोन्ही करारांची शेवटची पानं होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली. आधी साहेबांची खोड, मग माझी.

"साहेब, तुम्हनी खोड तुम्हीन लिखी. बाईनी खोड बाईनी लिखी. दोन्ही माले मालूम व्हत्यात. मालूम ऱ्हाईसन मी दोन्हीसले एकच जिनावर आनं. मंग चूक कोनी? मन्ही." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "बिल्डिंगनी एक खोड मी लिखालेच भुली गऊ. इतली मोठी बिल्डिंग, आन येनारा माणसाले बठाले जागा नही."

साहेबांनी आपलं पान हातात घेऊन खालची सही पाहिली. स्वतःच कबूल केलेल्या खोडीपुढे माणसाला फार बोलता येत नाही.

तळमजल्याची रस्त्याकडची खोली तेवढी अजून रिकामी होती. इमारतीतली सगळ्यात भारी जागा तीच. एका मोबाइलवाल्याशी बोलणी होऊन तो शटरचं मापसुद्धा घेऊन गेला होता. बापूंनी दुसऱ्याच दिवशी त्याला नकार कळवला. दुरुस्तीत उरलेल्या सागाच्या फळ्यांची बाकं केली, कोपऱ्यात पाण्याचा माठ ठेवला आणि दारावर खडूने लिहिलं, 'बैठक. कोणीही बसावे.'

त्यांचा मुलगा सुरतेला असतो. त्याचा फोन आला तेव्हा मी बापूंसमोरच उभी होते. बापूंना कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांचे सगळे फोन साऱ्या बाजाराला ऐकू येत. मुलगा चिडला होता. "बापू, रस्त्यावरची खोली? लोकांना नुसतं बसायला? भाड्याच्या जागेचं असं कोण करतं?"

"करस ना मी," बापू म्हणाले. "तू जेवना का?"

माझं पत्र त्यांनी कधी परत दिलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही.

टॅक्सवाले साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांचेच पक्षकार, तापीकाठचे केळीवाले आणि बाजारातले दुकानदार, बैठकीत डोंगरातल्या माणसांशेजारी बसून पावसापाण्याचं बोलू लागले. एक दिवस साहेब स्वतःच छताचा पंखा घेऊन आले. त्याच्या तिन्ही पात्यांवर त्यांनी आपल्या वडिलांचं नाव रंगवून घेतलं होतं. बापूंनी पंखा हौसेने बसवला, बटण दाबलं आणि वर बघत म्हणाले, "साहेब, आते वाचा बरं!" साहेब पाहतच राहिले. आणि मग हसले. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्या बैठकीत घडलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या पाड्यावरचे एक आजोबा सातबाऱ्याच्या कामाला आले होते. गावात ते दांडगे बोलणारे. पण नंदुरबारात आले की तोंड मिटून बसायचे. त्या दिवशी दुपारी ते बाकावर आडवे झाले होते आणि वर छताच्या सागवानी तुळईकडे टक लावून बघत होते. मी खाली आले तशी ते मला पावरीत म्हणाले, "हे करवतीचं काम नाही. हाताने, वाकसाचे घाव घालून तासलंय. आणि तासणारा डावखुरा होता."

बापू दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. बापूंच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. पाच मिनिटांत ते कुठून तरी शिडी घेऊन आले. आजोबा त्या वयात सरसर वर चढले, तुळईवर तळवा फिरवला आणि घाव कुठून कुठे उतरलेत ते हाताने दाखवलं. त्यांचे बाप आणि चुलते असाच साग तासायचे आणि बैलगाड्यांवर घालून खाली सपाटीला आणायचे. किती दिवस लागत, कुठे मुक्काम पडे, उतारावर गाडी कशी दोराने मागे ओढून धरत, सगळं ते शिडीवरूनच सांगत होते. शहरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकत होते. बापू खाली फरशीवर मांडी घालून बसले होते आणि तोंड वर करून ऐकत होते. मी भाषांतर करताना एखादं वाक्य गाळलं, की त्यांना बरोबर कळायचं. "आखो काय तरी म्हनेत ते!"

आजोबा उतरल्यावर बापू मला म्हणाले, "तीन वरीस मी हाऊ खांब-तुळई खरवडी. मी ओव्हरसियर! माले दिखनं नही. यासले पडल्यापडल्या दिखी गयं." पुढे कितीतरी दिवस नळवाला येवो, पोस्टमन येवो, बापू त्याला तुळईखाली उभं करायचे आणि डावखुऱ्याची गोष्ट सांगायचे. आजोबा त्या दिवशी चारच्या जीपमध्ये बसताना मला हळूच म्हणाले, "या माणसाची कधी केस आली तर पैसे घेऊ नकोस."

दोन वर्षांमागे बापूंचे गुडघे गेले. मुलगा त्यांना ऑपरेशनसाठी सुरतेला घेऊन गेला. जाताना ते रिक्षात बसून इमारतीसमोर आले, उतरवेना म्हणून बसूनच सगळ्यांशी बोलले. मी घरच्या आमचुराची, वाळवलेल्या कैरीच्या फोडींची पुडी दिली. ती त्यांनी तिथेच उघडून एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. मग सुरतेहून फोन येऊ लागले. तब्येतीचं विचारलं की म्हणायचे, "गुडघा नवा शे, माणूस जुना शे, दोन्हीसनं जमी नही ऱ्हायनं." आणि लगेच, "माय, बैठकमा माठ भरेल शे ना?" वकीलबाईची मी 'माय' कधी झाले, माझ्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीनंतर ते सुरतेलाच वारले. झोपेत. सकाळी खालच्या होमिओपॅथी डॉक्टरांनी बातमी सांगितली आणि आम्ही सगळी ऑफिसं बंद ठेवली. बैठक मात्र उघडी ठेवावी लागली, कारण धडगावहून जीप आधीच निघाल्या होत्या. येणाऱ्या माणसाला मी सांगत होते आणि जो तो बाकावर बसून राहत होता. त्या दिवशी कोणी कामाचं काही विचारलं नाही.

महिन्याभराने सगळ्यांचे करार संपणार होते. बाजारात बोलवा होती, की मुलगा इमारत बिल्डरला देणार. टॅक्सवाले साहेब एका सकाळी माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "वकीलबाई, कायद्यात काही सापडतं का? तुमचे लोक तरी कुठे बसतील?" मी पुस्तकं उलटी-पालटी केली. अकरा महिन्यांच्या करारात सापडण्यासारखं काही नव्हतं.

मुलगा न कळवताच आला. मी कोर्टात होते, सुनावणी लांबली. दोन तासांनी परतले तर तो बैठकीत बाकावर बसलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, पायाशी चामडी बॅग, बॅगेतून डोकावणारी नकाशाची गुंडाळी. आणि हातात अर्धी भाकरी, वर लाल चटणी. त्याच्या शेजारी अक्कलकुव्याकडची माझी एक पक्षकार बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहताच ती तिच्या बोलीत सांगू लागली, "मी मोडक्या मराठीत विचारलं, तुझी कसली केस? तर म्हणाला, वडिलांची. बाई, माझं नंतर बघ. आधी याचं बघ. सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं यानं."

ती काय म्हणाली, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने मान खाली घातली. फोनवर नेहमी पुस्तकी मराठीत बोलणारा तो माणूस आता अहिराणीत म्हणाला, "ताई, चार वाजता बिल्डर येवाव शे. मी नकाशा बी आना." मग सगळीकडे नजर फिरवत, "बापू कठे बसेत आठे?"

"बापू या खोलीत कधी बसलेच नाहीत," मी म्हणाले. "डावखुऱ्याची गोष्ट ऐकली तेव्हा तेवढे बसले, तेही फरशीवर. एरवी म्हणायचे, बाकं येणाऱ्यांची आहेत."

तेवढ्यात घाटात अडकून उशीर झालेली एक जीप बाहेर थांबली. आठ-दहा माणसं आत आली, त्यांत एक वाकलेली म्हातारी होती. बाकं भरलेली. मुलगा उठला, बॅग उचलून भिंतीशी ठेवली आणि म्हातारीला म्हणाला, "बठ माय." ती बसली. मग त्याचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला.

"नवा करार करी टाका, ताई," तो म्हणाला. "सगळासना."

मी वर जायला वळले, तर ती अक्कलकुव्याची बाई त्याला म्हणाली, "भाकर संपव आधी." आणि तो भिंतीला टेकून, सगळ्यांच्या मधोमध उभ्यानेच, चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी सावकाश शेवटच्या घासापर्यंत खात राहिला.